जाताना कुठल्या हाताला?

बोटताई हे काही तिचं नाव नव्हे. पण नियोजन कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला बोटताईच म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. नाव पडलं ते कामावरून. माणसाचं घर नकाशावर शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं, हे तिचं काम.

ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघावं. शहर, त्याच्या भोवतीची गावं, मधली शेतं, गोदामं, कारखाने असा सगळा मुलूख एका भिंतीवर चिकटवलेला. पुढच्या वीस वर्षांत माणसं कुठे राहणार, शेती कुठे टिकणार, कारखाने कुठे उभे राहणार आणि या सगळ्यांना जोडणारे रस्ते कुठून जाणार, ते त्यावर रंगांनी दाखवलेलं. राहण्याची जागा पिवळी, शेती हिरवी, कारखाने जांभळे. होऊ घातलेला रस्ता म्हणजे शेजारी शेजारी दोन काळ्या तुटक रेघा. माणूस खोलीत शिरतो, भिंतीसमोर उभा राहतो आणि गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा इकडेतिकडे बघायला लागतो. ज्या घरात अंधारातही दिव्याचं बटण त्याच्या हाताला आपसूक लागतं, ते आख्खं घर त्याला तिथे सापडत नाही.

साहेब विचारत, "सर्व्हे नंबर काय तुमचा?" मग लोक साहेबांच्या तोंडाकडे बघत आणि साहेब लोकांच्या.

बोटताई नंबर विचारायचीच नाही. ती म्हणायची, "घरी जाताना बसमधून कुठे उतरता? उतरल्यावर कुठल्या हाताला वळता? वळल्यावर काय लागतं?"

आणि माणूस तिथल्या तिथे घरी जायला निघायचा. "उतरलं की दवाखाना... मग डाव्या हाताला वळायचं... मग एक मोठी भिंत लागते, तिथे एक कुत्रं असतं, ते नेहमी अंगावर येतं..." कुत्रं नकाशात नसे, पण भिंत असे. बोटताईचं बोट त्याच्या बरोबरीने कागदावरून चालत जाई, कुत्र्यापाशी जरा थांबे, आणि मग टेके. "हे बघा. हे तुमचं घर." मग माणूस हळूच आपलं बोट तिथे ठेवी. सगळेच ठेवत. चांगले शिकलेले, चष्मेवालेसुद्धा. नकाशावरच्या प्लास्टिकवर त्या बोटांचे डाग पडत. रोज सकाळी खोली झाडणाऱ्या मावशी ओल्या फडक्याने ते पुसून काढत आणि म्हणत, "ताई, आज पण शंभर घरं पुसली बघ मी!"

पूर्वी ती याच कार्यालयात वरच्या मजल्यावर ट्रेसर होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघ न् रेघ उतरवून काढायची. पिवळा रंग ती असा लावायची, की ब्रश कुठे उचलला आणि कुठे टेकवला ते सांगता येत नसे. मग कॉम्प्युटर आले. ट्रेसरांच्या लांबलचक टेबलावर डब्यांच्या पिशव्या ठेवायला लागले आणि तिला खाली, लोकांच्या खोलीत बसवलं. पहिले काही महिने ती घरी येऊन रडली. नंतर तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आपण जे पिवळं पिवळं रंगवत होतो, त्याच्या आतली माणसं आता समोर येऊन उभी राहतायत.

तिच्या घरी ती आणि तिचा नवरा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस हाताचा बारीक, पण रस्त्याच्या बाबतीत ठार अडाणी. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा एकटा निघाला, तो दुपारभर फिरून परत स्वतःच्याच दुकानासमोर आला. बोटताई म्हणायची, "सगळ्या मुलखाला घर दाखवते, आणि माझ्याच माणसाला बोट धरून आणावं लागतं."

कामाचा तिला अभिमान होता. तो ती लपवायचीही नाही. "नकाशा सगळ्यांचा आहे," ती म्हणे, "दाखवताना मी आजवर कुणाला डावं-उजवं केलेलं नाही."

आणि नेमकं तिथेच घडलं.

त्या वर्षी नवीन आराखड्याचा कच्चा नकाशा भिंतीवर लागला होता. कच्चा म्हणजे लोकांनी बघायचा, कुणाची हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीत लिहून द्यायची, मग सुनावणी व्हायची आणि मग तो पक्का व्हायचा. मुदतीत बोलला नाहीत तर तुमचं काही म्हणणं नाही असं धरून चालत. खोलीत दिवसभर रांग लागे.

एके दिवशी दुपारी रांग मोडून एक खाकी शर्टवाला माणूस आत घुसला. गोल चेहरा, कपाळावर घाम, मानेभोवती रुमाल.

"रांगेत या हो," मागून कुणीतरी ओरडलं.

"येतो हो, पण माझी रांग खाली बसमध्ये बसलीय!" तो म्हणाला.

सगळ्यांनी खिडकीतून बघितलं. खाली फुटपाथला लागून बस उभी होती, आत माणसं, आणि दारातला कंडक्टर घंटीची दोरी खेचत होता. टण टण. टण टण.

"ताई, दोन मिनिटं. शेवटच्या स्टॉपच्या रूटवर ड्रायव्हर आहे मी. घर रस्त्यात जातंय की राहतंय, तेवढं फक्त सांगा. वर एक खोली काढायचीय. लेक आणि जावई यायचेत राहायला, शहरातलं भाडं त्यांना झेपेना. विटा सांगून ठेवल्यात."

"कागद आणलाय?"

"कागद बायकोच्या पेटीत, पेटीची किल्ली बायकोच्या कमरेला, आणि बायको घरी."

रांगेतली माणसं हसली. बोटताईही हसली. टण टण टण. तिने घाईघाईने भिंतीवरचा मोठा रस्ता धरला, शहरातून बाहेर शेवटच्या स्टॉपकडे जाणारा, आणि विचारलं, "जाताना कुठल्या हाताला?"

"पेट्रोलपंपापाशीच डाव्या हाताला गल्ली. गल्लीत तिसरं घर."

बोट रस्त्यावरून सरकत पंपापाशी आलं. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गल्ल्या होत्या, समोरासमोर, जुळ्या बहिणींसारख्या. बोट डावीकडे वळलं, एक, दोन, तीन, आणि टेकलं. खाली स्वच्छ पिवळा रंग. तुटक रेघा पार उजव्या बाजूला. तिथून नवा रिंगरोड कारखान्यांच्या जांभळ्याकडे जात होता.

"पिवळ्यात आहे," ती म्हणाली. "निश्चिंत राहा."

ड्रायव्हरने दोन्ही हात जोडले, बोट ठेवायलाही थांबला नाही, आणि जिन्यावरून धावत खाली गेला. बस हलली तेव्हा त्याने हॉर्न वाजवला, तो बहुतेक तिच्यासाठीच.

पुढचे काही दिवस बोटताईला राणीचा मान मिळाला. तिचं घर त्याच रूटवर होतं, पंपाच्या बरंच अलीकडे. ती स्टॉपपासून लांब दिसली तरी बस थांबायची. "चढा ताई, चढा! पिवळ्याच्या ताई आल्या, जागा द्या!" कंडक्टर कुरकुरे, "मालक, ही बस आहे की घरचा टांगा?" ड्रायव्हर म्हणे, "तू तिकिटं फाड."

मुदत संपायला तीन-चार दिवस उरले असतील. त्या संध्याकाळी तो तिला म्हणाला, "ताई, आज उतरू नका. आमच्या घरापर्यंत चला. भिंत कंबरेपर्यंत आलीय. बघा तरी, तुमच्या शब्दावर काय उभं राहतंय ते."

ती त्याच्या मागच्या सीटवर बसून राहिली. पंप आला. ड्रायव्हरने वेग कमी केला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "ते बघा! विटांचा ढीग दिसतो ना, तेच!"

हात त्याच्या खिडकीतून बाहेर गेला होता. म्हणजे उजवीकडे.

बोटताईला आधी वाटलं, तो दुसरंच काहीतरी दाखवतोय. मग विटा दिसल्या. मग गल्ली दिसली, तिसरं घर दिसलं, वर अर्धवट भिंत, आणि भिंतीवर उभी राहून बसकडे हात हलवणारी एक तरुण मुलगी.

"तुम्ही... तुम्ही डाव्या हाताला म्हणाला होतात."

"डाव्याच हाताला की!" ड्रायव्हर म्हणाला. "जाताना डाव्या हाताला. आता आपण येतोय."

लोक 'जाताना' म्हणजे घरी जाताना म्हणतात. पण याचं घरच शेवटच्या स्टॉपच्या टोकाला. तो सकाळी तिथूनच बस काढायचा, त्याचा दिवस तिकडून सुरू व्हायचा. त्याचं जाणं म्हणजे शहरात जाणं. घरी तो 'यायचा'. आणि तिने त्या दिवशी घंटीच्या घाईत 'घरी' हा शब्द गिळला होता. एवढासा शब्द. रोज दिवसभर ती तो म्हणायची, आणि नेमका तिथेच खाल्ला.

पायाखालची जमीन सरकली असं आपण सहज म्हणतो. तिच्या डोळ्यांपुढे ती खरोखर सरकली. पिवळ्यातून उचलून दोन काळ्या रेघांच्या मधोमध जाऊन पडली.

बस चालू होती. आत माणसं होती. ती म्हणाली, "आज नको. मला बरं वाटत नाहीये. उद्या येते." आणि पुढच्या स्टॉपला उतरून उलट्या बसने घरी गेली.

नवरा जेवायचा थांबला होता. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही घड्याळ मागून उघडतो ना, तेव्हा काटे उलटे फिरतात. पुढून बघणारा म्हणतो उजवीकडे, मी म्हणतो डावीकडे. घड्याळ काही चुकलेलं नसतं."

"घड्याळ नसेल चुकलं. मी चुकलेय. आणि समजूत काढू नका माझी."

"काढत नाहीये. उद्या जायचंच असेल तर मी येतो बरोबर, एवढंच म्हणतो."

"तुम्ही? तुम्हाला शोधायला मग तिसऱ्याला पाठवावं लागेल." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

सकाळी तिने पुन्हा एकदा नकाशा बघितला, न जाणो आपल्याला उगाच वाटत असेल. तसं नव्हतं. ती साहेबांकडे गेली. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं: नकाशा केवळ माहितीसाठी, खात्री आपल्या कागदपत्रांवरून करावी.

"ताई, नियमाने तुमची काहीच जबाबदारी नाही. तुम्ही मदत करत होतात. आता आपण होऊन सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"हातानेच तर घोळ केलाय साहेब."

"लोक चिडतील. तक्रार करतील. वर चौकशी लागली तर मला तुम्हाला लोकांच्या खोलीतून हलवावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही."

"पाटी वाचून कुणी घर शोधायला येत नाही," ती म्हणाली. "माणूस बघून येतात. मला दुपारनंतरची सुट्टी द्या. आणि त्या भागाच्या नकाशाची एक प्रत द्या."

साहेबांनी जरा वेळ पेन फिरवलं, मग प्रत काढून दिली. वर म्हणाले, "सुट्टीचा अर्ज नको. कामावरच जाताय असं समजा."

ती गल्लीत पोचली तेव्हा ड्रायव्हरची दुपारची सुट्टी होती. तो आणि जावई विटा वर चढवत होते. लेक पाणी मारत होती. ड्रायव्हरची बायको दारात तांदूळ निवडत बसलेली.

"या या, पिवळ्याच्या ताई!" ड्रायव्हर वरूनच ओरडला. "अगं ए, चहा टाक!"

"चहा नको," बोटताई म्हणाली. "आधी काम थांबवा. वीट ठेवू नका आणखी."

तिने ओसरीवर कागद पसरला आणि सांगितलं. एकदाच, सरळ, मधे कुठेही 'पण' न घालता. शेवटी म्हणाली, "मी चुकीच्या बाजूला बोट ठेवलं. तुमचं घर रस्त्याच्या रेघांत आहे. आख्खी गल्लीच आहे."

ड्रायव्हर शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला. हातातली वीट त्याने मांडीवर ठेवली, तशीच धरून ठेवली. मग हसला. माणसं कधीकधी हसतात तसं.

"म्हणजे डाव्या हाताला म्हटलं मी, ते..."

"तुमचं बरोबर होतं. मीच अर्धं विचारलं."

बायकोने सूप खाली ठेवलं. "घरभर नाचत होतात ना, पिवळं पिवळं करत? सगळ्या गल्लीला सांगत फिरलात! आता बसा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही."

"अगं, त्यांच्यासमोर..."

"त्यांच्यासमोरच बोलतेय. ताई, राग मानू नका, मानलात तरी चालेल. बोट ठेवायला तुम्हाला काय लागलं हो? बोट तुमचं आणि घर आमचं."

बोटताईने मान खाली घातली. पण तिच्या कानात एक शब्द अडकला होता. तिने विचारलं, "सगळ्या गल्लीला सांगत फिरले म्हणजे?"

म्हणजे असं, की ड्रायव्हरने त्या दिवशी घरी आल्या आल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं: मी स्वतः बघून आलो, आपली गल्ली पिवळ्यात आहे, कुणी भाडं खर्चून जायची गरज नाही. आणि कुणी गेलं नव्हतं. एकही हरकत त्या गल्लीतून आली नव्हती. समोरच्या रांगेतल्या टायरवाल्याने तर दुकानाला नवं शटर बसवलं होतं.

एकेक करून लोक जमले. टायरवाला तापला. "आता बरं सांगायला आलात! आणखी दोन दिवस थांबला असतात तर थेट बुलडोझरवर बसूनच आला असतात!"

"आरडाओरडा नंतर कर," शिवणकाम करणारी एक म्हातारी काकू म्हणाली. तिचं घर टायरवाल्याला लागून. गळ्यात टेप लोंबत होता. "ही बाई आली म्हणून तुला कळलं तरी. नसती आली तर?" मग बोटताईकडे वळून म्हणाली, "पोरी, मुदत कधी संपते?"

"परवा संध्याकाळी."

"मग परवापर्यंत काय करायचं ते सांग. कापड फाटलं म्हणून रडत बसले असते तर आजवर एक झबलं शिवून झालं नसतं माझ्या हातून."

बोटताईने सांगितलं. हरकत ज्याची त्याने लिहायची, आपल्या भाषेत. रस्ता नको म्हणून चालणार नाही, रस्ता लागणारच आहे. मालाचे ट्रक आज शहरातून जातात, शाळेच्या दारातून जातात. पण तो इथूनच का, थोडा सरकू शकतो का, कमी रुंद होऊ शकतो का, घर जाणारच असेल तर बदल्यात कुठे, किती लांब, तिथे बस जाते का, हे विचारायचा हक्क आहे.

"आमच्या मागे गोदामाचं आवार मोकळंच पडलंय," टायरवाला म्हणाला.

"तेही लिहा. पण गोदामवाला त्याची हरकत लिहील. रेघ एकीकडून उचलली की दुसरीकडे कुठेतरी ठेवावीच लागते. ती नाहीशी होईल असं मी सांगणार नाही. एकदा निश्चिंत राहा म्हटलं, तेवढं पुरे झालं."

निघताना ड्रायव्हर तिला स्टॉपपर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा म्हणाला, "लेक घरी यायची म्हणून मला घाई झाली होती. तुम्हाला घंटीची घाई. दोघांनाही जरा दम धरायला हवा होता."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी कार्यालयाखाली बस थांबली. बोटताईने खिडकीतून बघितलं. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. टायरवाला, त्याचे भाऊ, काकू, लेक, जावई, ड्रायव्हरची बायको कमरेच्या किल्लीसकट, कागदांच्या पेटीसकट. उतरतायत, उतरतायत, संपेचनात. शेवटी आत दोनच प्रवासी उरले आणि तेही खिडकीला नाक लावून बघत होते, की इथे एवढं काय फुकट वाटतायत. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "इतकी वर्षं नोकरी केली, एका स्टॉपवर आख्खी गल्ली उतरलेली पहिल्यांदाच बघतोय." त्या दिवशी त्याने घंटी वाजवली नाही.

पुढे सुनावणी झाली. साहेबांच्या वरचे साहेब आले, गोदामवाल्याचा वकील आला. वाद झाले, मोजणीवाले तिसऱ्यांदा जागेवर जाऊन आले. बोटताईने आपली चूक तिथे स्वतः उभी राहून सांगितली. तिला तोंडी समज मिळाली, खोली मात्र तीच राहिली. आणि पक्का नकाशा आला तेव्हा रेघा सरकलेल्या होत्या, पण अर्ध्याच. रस्ता गोदामाच्या आवारात थोडा घुसला होता आणि रुंदीने थोडा कमी झाला होता. समोरची रांग तरीही गेली: टायरवाला, काकू आणि त्यांच्या शेजारची. ड्रायव्हरच्या रांगेतल्या घरांच्या पायऱ्या आणि ओसऱ्या गेल्या, घरं राहिली.

काकूला पुढच्या नव्या वसाहतीत घर मिळायचं ठरलं. गल्लीने हरकतीत एक वाक्य घातलं होतं, ते काकूचंच होतं: आधी बस पाठवा, मग आम्हाला पाठवा. ते मान्य झालं. घरांचे पाये खोदले जात होते तेव्हाच तिकडे बस सुरू झाली, आणि काही महिने ड्रायव्हर नुसती रिकामी गाडी घेऊन माळावर जाऊन येत असे. "दगडांना तिकीट काढायला लावतो," कंडक्टर म्हणायचा. काकू नव्या घरी गेली त्या दिवशी तिचं शिलाई मशीन त्याच बसमधून गेलं, पुढच्या सीटवर.

बोटताई काकूला भेटायला गेली तेव्हा काकू म्हणाली, "घर चांगलंय. उजेड भरपूर येतो, सुई दिसते. पण शेजारीण अजून मिळालेली नाही." नंतर बोटताई महिन्यातून एकदा तरी त्या नव्या शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन यायला लागली, शिवायला काही ना काही घेऊन. शेवटी शेवटी तर चांगल्या ब्लाउजांच्याही शिवणी उसवून.

पक्का नकाशा भिंतीवर लागला त्या आठवड्यात ड्रायव्हर पुन्हा आला. या वेळी रांगेत उभा राहिला. खाली बस नव्हती. त्याचा सुट्टीचा दिवस होता. बायको बरोबर होती, कागद बायकोच्या हातात होता. दार त्यांनी मागच्या अंगाला फिरवून घेतलं होतं, आणि लेकीची खोली वर मागच्या बाजूला निघाली होती, परवानगी घेऊन.

नंबर आला. बोटताईने कागद बघितला, सर्व्हे नंबर जुळवला. आता ती आधी हेच करायची. तरी सवयीने बोट मोठ्या रस्त्यावर गेलंच.

"घरी," ती म्हणाली, आणि त्या शब्दावर क्षणभर थांबली, "घरी जाताना कुठल्या हाताला?"

"घरी जाताना उजव्या," ड्रायव्हर म्हणाला. "कामाला जाताना डाव्या. आणि हिच्याबरोबर असलो की ही म्हणेल त्या."

"बघा, शिकले एकदाचे," बायको म्हणाली.

बोट पंपापाशी आलं, उजवीकडे वळलं, एक, दोन, तीन. खाली पिवळा रंग होता; एका कडेला काळी रेघ त्याला खेटून गेलेली. बोटताईने बोट टेकवलं आणि बाजूला घेतलं. ड्रायव्हरने शर्टाला पुसून आपलं बोट तिथे ठेवलं. मग त्याने बायकोचा हात धरून तिचंही ठेवलं.

ती दोघं बराच वेळ तशीच उभी राहिली. मागची रांग कुरकुरायला लागली.

"होऊ दे," बोटताई मागे वळून म्हणाली. "घाई नाही."